बेचिराग

गेल्या वर्षी भाऊबीज होऊन आठच दिवस झाले असतील. धारूरच्या बाजूला, बालाघाटाच्या डोंगरातल्या एका वाडीत, माझ्या एका विद्यार्थ्याच्या घरी जाण्याचा योग आला. एस. टी.तून उतरलो, तो वाटेत माणूस भेटेना. दारोदार कुलपे. अंगणांतली दिवाळीची रांगोळी अजून पुसली नव्हती. घरे मात्र ओस.

"भुतांचं गाव वाटलं ना, सर?" विद्यार्थी हसून म्हणाला.

इंग्रजीत अशा गावाला 'घोस्ट टाउन' म्हणतात. अमेरिकेतले बोडी हे त्यांतले नामांकित. १८८० च्या सुमारास सोन्याच्या खाणींपायी तिथे हजारो लोक नांदत होते. सोने सरले, लोक पांगले. आता लोक तिकीट काढून ती रिकामी घरे पाहायला जातात. आपल्या महसुली दप्तरातला शब्द निराळा आहे : बेचिराग. चिराग म्हणजे दिवा. जिथे दिवा लागत नाही, ते गाव बेचिराग. पुढे त्याचे 'बेचिराख' झाले आणि आपल्याला त्यात उगाच राख दिसू लागली. इंग्रजाने भूत पाहिले. आपल्याकडे दिवा पाहिला.

ही वाडी उसाच्या फडावर गेली होती. कोरडवाहू रानावर वर्ष निघत नाही, म्हणून मुकादमाकडून उचल घ्यायची आणि दसरा-दिवाळीच्या सुमारास नवराबायकोच्या जोडीने ती फेडायला निघायचे. या जोडीलाच 'कोयता' म्हणतात! बीड जिल्ह्यातून लाखो माणसे अशी पश्चिम महाराष्ट्रात नि कर्नाटकात जातात, ती उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. माझा विद्यार्थी लहानपणापासून आजीजवळ राहिला, म्हणून कॉलेजात पोचला. धाकटी बहीण मात्र तान्ह्या भावाला सांभाळायला आईबरोबर गेली होती. तिच्या वह्या फळीवर तशाच होत्या.

दिवेलागणीला आजी किल्ल्यांचा जुडगा घेऊन उठली. एकेक कुलूप उघडून शेजाऱ्यांच्या घरांतले बल्ब लावू लागली.

"आजी, रिकाम्या घरांत दिवे कशाला?"

"चोराला वाटाया पायजे, मानसं हायती. बिल ज्याचं त्यो भरतोय."

परतताना वळणावरून मागे पाहिले. मोजून नऊ दिवे लागले होते. धूर एकाच घरातून निघत होता.