अंथरूण पाहून छत्री

फ्लॉरिडाला जाऊन आलो असे सांगितले की लोकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "डिस्ने वर्ल्ड पाहिलंत?" दुसरा, "आणि ते रॉकेटं उडवतात ते ठिकाण?" दोन्हींना मी नकारार्थी मान हलवली की समोरच्याच्या चेहऱ्यावर एवढे विमानभाडे पाण्यात गेल्याची हळहळ उमटते. काय करणार? आम्ही उभयता फ्लॉरिडाला गेलो ते सहलीसाठी नव्हे, वकिलीसाठी. वकीलपत्र दिले होते माझ्या धाकट्या बहिणीने.

बहिणीची मुलगी ऑर्लँडोला इंजिनिअर आहे. आठवडाभर ती शहाण्यासारखी कचेरीत जाते आणि शनिवार-रविवारी विमानातून उड्या मारते. हवाई छत्री घेऊन मारते हे खरे. पण पुण्यात बसलेल्या आईला छत्री दिसत नाही, नुसती उडी दिसते. "दादा, तू जातोच आहेस तर तिला समजाव. तुझं ऐकेल ती," असे बहीण निघण्याच्या आदल्या रात्री डोळ्यांत पाणी आणून म्हणाली. खरे तर याच बहिणीने २०१८ साली पुण्याच्या शीतल महाजन यांनी थायलंडमध्ये नऊवारी नेसून आकाशातून उडी घेतली तेव्हा वर्तमानपत्रातला फोटो आम्हाला कौतुकाने दाखवला होता. शीतलताईंनी २००४ साली उत्तर ध्रुवावर उडी घेतली, २०११ साली त्यांना 'पद्मश्री' मिळाली, हे सारे तिला पाठ. पण पराक्रम नेहमी शेजारच्या घरात शोभतो, हेच खरे!

तर अशा रीतीने फेब्रुवारीतल्या एका शनिवारी सकाळी भाचीच्या मोटारीतून आम्ही डीलँडला निघालो. ऑर्लँडोच्या उत्तरेला तासाभराच्या वाटेवर हे टुमदार गाव आहे. १८७६ साली हेन्री डीलँड नावाच्या व्यापाऱ्याने ते वसवले. रस्त्याच्या दुतर्फा जुने ओक वृक्ष आणि त्यांच्या फांद्यांवरून एखाद्या ऋषीच्या दाढीसारखे लोंबणारे करडे शेवाळ. गावात एक जुने विद्यापीठ आहे, त्याला स्टेट्सन या टोप्यांच्या कारखानदाराचे नाव आहे. गावाने संत्र्या-मोसंब्यांच्या बागाही पाहिल्या. लू गिम गाँग नावाच्या एका चिनी गृहस्थाने इथेच थंडीला दाद न देणारे संत्रे तयार केले. जवळच ब्लू स्प्रिंग नावाचा झरा आहे, त्याच्या कोमट पाण्यात हिवाळ्यात मॅनाटी नावाच्या पाणगाई येऊन निवांत पडून राहतात. आमच्या सौभाग्यवतींना ते गाव एकदम पसंत पडले. "इथे लोकांना कसली घाई दिसत नाही," त्या म्हणाल्या.

एवढ्यात डोक्यावरून दहा-बारा रंगीबेरंगी छत्र्या सूं सूं करीत गेल्या, आणि घाई कुठे आहे ते कळले.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन आरमाराने इथे वैमानिकांच्या शिक्षणासाठी तळ उभारला होता. युद्ध संपले, विमानतळ गावाला मिळाला. आज त्या विमानतळाभोवती हवाई छत्र्या आणि त्यांचे साहित्य बनवणाऱ्यांची वस्तीच झाली आहे. जगभरातले उडी मारणारे लोक इथल्या शिलाई यंत्रांवर तयार झालेल्या छत्र्या पाठीवर बांधतात. टोपीवाल्याचे विद्यापीठ आणि छत्रीवाल्यांचा विमानतळ! पुणेकराला परके वाटू नये असेच गाव म्हणायचे.

मैदानाच्या कडेला लाकडी बाके होती, तिथे आम्ही बसलो. विमान साडेतेरा हजार फुटांवर जाते. तिथून उडी घेतली की साधारण मिनिटभर माणूस ताशी एकशेवीस मैलांच्या वेगाने खाली येतो. चार-पाच हजार फुटांवर छत्री उघडते. हे भाची सांगत होती आणि मी मनात एकच प्रश्न घोळवीत होतो. शेवटी तो विचारलाच.

"आणि नाही उघडली तर?"

"मामा, सगळे हाच प्रश्न विचारतात," ती हसून म्हणाली. "पाठीवर दुसरी राखीव छत्री असते. ती परवानाधारक कारागीरच बांधतो, आणि वापरली नाही तरी दर एकशेऐंशी दिवसांनी उघडून, तपासून पुन्हा बांधावी लागते. शिवाय एक छोटं यंत्र असतं. माणूस ठरावीक उंचीखालीही वेगाने पडत राहिला तर ते आपणहून राखीव छत्री उघडतं."

माझे निम्मे वकीलपत्र तिथेच फाटले. तिने आकडेही सांगितले. अमेरिकेत १९६१ साली या खेळात चौदा माणसे दगावली, तेव्हा उड्या मारणारे मूठभर. २०२३ साली सुमारे साडेछत्तीस लाख उड्या झाल्या आणि दगावली दहा. मी बँकेत अडतीस वर्षे काढलेला माणूस; आकडा पाहिला की माझा विरोध मावळतो. मग भाचीने हळूच दुसरा विषय काढला. तिला नवी छत्री घ्यायची होती. तिची एक मैत्रीण, सहाशे उड्या झालेली, आपली जुनी छत्री निम्म्या किमतीत द्यायला तयार होती. "जवळजवळ नवीच आहे मामा!"

निम्म्या किमतीत! वाचकहो, मध्यमवर्गीय माणसाच्या कानात हे दोन शब्द शिरले की विवेक खिडकीतून बाहेर पडतो. ज्या मुलीला उड्यांपासून परावृत्त करायला मी आलो होतो, तिला मी म्हणालो, "मग विचार कसला करतेस? घेऊन टाक!"

छत्री तपासून घ्यावी म्हणून आम्ही विमानतळालगतच्या एका कारागिराच्या खोलीत गेलो. साठीच्या पुढचा, उंचापुरा, पांढऱ्या दाढीचा गृहस्थ. चालताना डावा पाय ओढत होता. लांबच लांब टेबलावर एक छत्री पसरून तो तिच्या दोऱ्या बोटांनी चाचपत होता. घड्या घालण्यातली त्याची नजाकत पाहून सौ. माझ्या कानात म्हणाल्या, "निऱ्या काढतोय जणू!"

त्याने आणलेली छत्री पाहिली. कापड ठीक, दोऱ्या ठीक, शिवण ठीक. मग भाचीला विचारले, "उड्या किती झाल्या?"

"चौसष्ट."

त्याने छत्री पुन्हा पिशवीत भरली आणि पिशवी तिच्या हातात दिली. "छत्री उत्तम आहे. तुझी नाही."

आता हे काय गौडबंगाल आहे ते मला समजेना. त्याने मला स्टुलावर बसवले आणि समजावून सांगितले. त्याचे इंग्रजी मी मराठीत देतो.

आपण सिनेमात पाहतो ती गोल छत्री हवेला नुसती अडवते, म्हणून माणूस सावकाश खाली येतो. पण १९६०च्या दशकात डॉमिना जाल्बर्ट या पतंग-फुगे बनवणाऱ्या कल्पक माणसाने कापडाचे सात-नऊ कप्पे शेजारी शेजारी शिवून, तोंडे पुढून उघडी ठेवून, वेगळीच चीज केली. पुढून हवा शिरते, कप्पे फुगतात, आणि कापडाचा पंख तयार होतो. तेव्हापासून ती छत्री राहिलीच नाही, ते विमान झाले. ते खाली येते तसे पुढेही धावते. आणि पंखावर भार जितका जास्त, तितका वेग जास्त.

हा भार मोजायची रीत आपल्या किराणा दुकानातल्या हिशेबासारखी सोपी आहे. माणसाचे वजन अधिक पाठीवरच्या सामानाचे, त्याला छत्रीच्या क्षेत्रफळाने भागायचे. भाची एकशेवीस पौंड, सामान पंचवीस, एकूण एकशेपंचेचाळीस. तिची चालू छत्री एकशेनव्वद चौरस फुटांची, म्हणजे दर फुटाला पाऊण पौंड. स्वस्तातली छत्री एकशेपस्तीस फुटांची, म्हणजे एक पौंडाच्या किंचित वर. ब्रायन जर्मेन या छत्रीतज्ज्ञाने घालून दिलेला एक ठोकताळा या लोकांत प्रसिद्ध आहे. सुरुवातीला दर फुटाला एक पौंड, आणि पुढे दर शंभर उड्यांमागे फार तर एक दशांश पौंडाची वाढ.

"मग मी एका पौंडाच्या जेमतेम वर आहे!" भाची म्हणाली. मीही मान डोलावली. हिशेब चोख होता.

"हिशेब चोख आहे, पण अपुरा आहे," म्हातारा म्हणाला. "लहान छत्रीच्या दोऱ्याही आखूड असतात. झोका आखूड, म्हणून वळण चपळ. भागाकार तोच आला तरी हलक्या माणसाची लहान छत्री जड माणसाच्या मोठ्या छत्रीपेक्षा चटकन वळते. त्यात ही टोकांना निमुळती. बोटभर दोरी ओढलीस तर हातभर वळेल. तो ठोकताळा लिहिणाऱ्यानेही लहान छत्र्यांसाठी वेगळी सूट ठेवली आहे, ती लोक वाचत नाहीत."

मग त्याने आपल्या डाव्या पायावर थाप मारली. आतून धातूचा आवाज यावा असे मला उगीचच वाटले.

"माझी छत्री उघडली होती," तो म्हणाला. "अगदी छान उघडली होती. सगळे विचारतात, 'उघडली नाही तर?' मला कोणी विचारलं नव्हतं, 'उघडली तर?' दुसऱ्या एका राज्यात होतो. दीडशे उड्या झाल्या होत्या. छत्री लहान घेतली होती, कारण माझे मित्र लहान छत्र्या वापरत होते. जमीन शंभर फुटांवर असताना समोर कुंपण दिसलं. घाबरून एका हाताची दोरी पूर्ण खेचली. छत्री वळली, आणि वळताना तिने बुडी मारली. वळण पुरं व्हायला उंची लागते. ती माझ्यापाशी नव्हती. जमिनीने वळण पुरं केलं."

खोलीत कोणी काही बोलले नाही. शिलाई यंत्रावरची बाई तेवढी थांबली आणि पुन्हा सुरू झाली.

"मग काय करायला हवं होतं?" मी विचारले.

"दोन्ही दोऱ्या निम्म्यापर्यंत खाली घ्यायच्या, वेग मारायचा, आणि मग एक किंचित सोडून सपाट वळायचं. वारा पाठीवर आला तरी चालेल. घोटा मुरगळेल, गडाबडा लोळावं लागेल. पण हे हाताला शिकवावं लागतं, आणि हात शिकतात वर, तीन हजार फुटांवर. मोठ्या छत्रीत चूक सुधारायला क्षणभर जास्त मिळतो. तो क्षण निम्म्या किमतीत मिळत नाही."

आता सौभाग्यवतींनी तोंड उघडले. त्यांना इंग्रजी बोलण्याचा संकोच. पण मुद्दा महत्त्वाचा असला की भाषा आपोआप येते. त्या म्हणाल्या, "आमच्याकडे मुलांचे कपडे वाढत्या अंगाचे शिवतात. लोक हसले तरी हसू देत." मी भाषांतर करायच्या आतच म्हातारा खो खो हसला. "तुमच्या काकू छत्री शिकवू शकतील," तो भाचीला म्हणाला. भाची मात्र गप्प होती. पिशवी घेऊन ती बाहेर पडली आणि परत येताना मोटारीत एक अक्षर बोलली नाही.

दुसरा दिवस रविवार. आपल्या एकशेनव्वद फुटांच्या 'म्हाताऱ्या' छत्रीसह ती वर गेली. आम्ही बाकावर. मान दुखेपर्यंत पाहत होतो. तिची निळी-पांढरी छत्री दिसली तेव्हा मी सुस्कारा सोडला. आता मला ठाऊक होते, उघडणे म्हणजे पोहोचणे नव्हे.

हजार फुटांच्या सुमाराला हे लोक उतरण्याचा रस्ता धरतात. आधी वाऱ्याबरोबर, मग वाऱ्याला आडवे, आणि अखेर वाऱ्याच्या तोंडावर, असा तीन बाजूंचा ठरलेला मार्ग, म्हणजे टकरी होत नाहीत. ती तिसऱ्या बाजूला वळली, सरळ आमच्या दिशेने येऊ लागली. तेवढ्यात उजवीकडून एक छोटी लाल छत्री रस्ता सोडून तिच्या पुढ्यात आडवी घुसली. जमीन पाच-सहा मजले खाली असेल. सौ. नी माझे मनगट धरले ते अजून आठवते.

निळी छत्री क्षणभर हवेत थबकल्यासारखी झाली. मग हळू, अगदी सावकाश, कूस बदलावी तशी डावीकडे वळली. बुडी नाही, गिरकी नाही. लाल छत्री पुढून निघून गेली. भाची वाऱ्याला आडवी, वेड्यावाकड्या वेगात गवतावर टेकली, दोन्ही पाय जुळवून कुशीवर पडली आणि लोळत लोळत एका डबक्यात जाऊन थांबली.

आम्ही धावलो. माझे धावणे म्हणजे काय, पण धावलो. ती चिखलात बसून होती. डोळ्यांपर्यंत चिखल. "लागलं का गं?" मामीने विचारले.

"नाही," ती म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, "मामा, माझा हात आधी खेचायलाच गेला होता. पूर्ण खेचायला. मग त्यांचा पाय आठवला."

कारागिराच्या खोलीच्या दारात म्हातारा उभा होता. त्याने लांबूनच टोपी वर केली आणि आत गेला.

त्याच संध्याकाळी भाचीने मैत्रिणीला छत्री परत केली. पुढचा क्रम म्हाताऱ्याने कागदावर लिहून दिला. आधी या छत्रीने आणखी उड्या. दर उडीत वर असताना सपाट वळणे, थांबवणे, उतरतानाची ओढ यांचा सराव. ठरवलेल्या जागेपासून दहा मीटरांत सलग उतरता येऊ लागले, की एकशेसत्तर फुटांची. त्यानंतर एकशेपन्नास. तिसऱ्या ओळीपुढे तारीख नव्हती. मी विचारले तर म्हणाला, "तारीख तिचे हात सांगतील."

पुण्याला परतल्यावर बहिणीने विचारले, "दादा, समजावलंस का तिला? सोडणार आहे का ते वेड?" मी म्हणालो, "सोडणार नाही. पण अंथरूण पाहून पाय पसरायला शिकली आहे." बहिणीचे समाधान झाले नाही. आईचे ते होऊही नये. मात्र 'छत्री उघडते ना?' असे ती आता विचारत नाही. "छत्री मोठीच आहे ना?" असे विचारते.

दिवाळीचा फराळ पोचल्याचे कळवायला परवा भाचीचा फोन आला. चकल्या वाटेत मोडल्या, पण चव उत्तम आहे म्हणाली. उड्या किती झाल्या, असे मी सहज विचारले. एकशेबारा झाल्या होत्या. आणि छत्री?

"एकशेसत्तर, मामा. अजून वाढत्या अंगाचीच आहे. मामीला सांग."