अस्तर

दात गेले की जबड्याचं हाड झिजत जातं. खालचं वरच्यापेक्षा जास्त. त्या पातळ हिरडीवर कडक अ‍ॅक्रिलिकची कवळी टेकली की प्रत्येक घास टोचतो. म्हणून कवळीला आतून मऊ अस्तर लावतात.

बाबांचं पहिलं अस्तर काही महिन्यांत कडेनं सुटलं. भाकरी बंद झालीच, पण बोलणंही आटलं. भिलाईच्या कारखान्यात आयुष्य हिंदीत गेलं; आई गेल्यावर मराठी उरली ती माझ्याशी आणि फोनवर आत्याशी. तेवढीही ते टाळू लागले.

कोहक्यातल्या दंत महाविद्यालयात एका तरुण डॉक्टरांनी नीट समजावलं. अ‍ॅक्रिलिकचं मऊ अस्तर कवळीशी एकजीव होतं, पण त्याला मऊ ठेवणारं द्रव्य लाळेत झिरपून जातं आणि ते कडक होतं. सिलिकॉन जास्त काळ मऊ राहतं; मात्र अ‍ॅक्रिलिकशी ते आपणहून जुळत नाही. पृष्ठभाग घासून, स्वच्छ, कोरडा करून मध्ये चिकटद्रव्य लावावं लागतं. जोडात फट राहिली की लाळ शिरते, बुरशी धरते, थर सुटतो.

“वेल्डिंगआधी गंज काढतात, तसंच,” बाबा म्हणाले. डॉक्टर हसले.

हेही अस्तर कायमचं नाही. अधूनमधून दाखवावं लागेल, कधीतरी बदलावं लागेल. बाबांना ते पटलं. परवा आत्याशी तासभर बोलले. ‘स’ अजून थोडा घसरतो. आत्याला चालतो.