सहा इंच

थर्ड इयरच्या बिल्डिंग ड्रॉइंगमध्ये मी एक प्राथमिक आरोग्य केंद्र काढलं होतं. दारासमोर सुबक रॅम्प, उतार १:१२, दोन्ही बाजूंना कठडे. सरांनी चक्क ‘गुड’ असा शेरा दिला. त्या शीटवरून निम्म्या होस्टेलने जीटी मारली हे वेगळं सांगायला नको!

त्याच दिवाळीत आजोळी गेलो. सातारा जिल्ह्यातलं गाव, मातीच्या भिंतींचं जुनं घर. आजी पावसाळ्यात संडासाच्या पायरीवरून घसरली होती. मांडीचं हाड मोडलं, ऑपरेशन सरकारी योजनेतून झालं. नंतर मामाने मुख्यमंत्री वयोश्री योजनेचा अर्ज भरला. ही योजना २०२४ साली सुरू झाली. ६५ वर्षांवरच्या, कमी उत्पन्नाच्या माणसाला वस्तू घेण्यासाठी एकदाच ३,००० रुपये. ते आजीच्या खात्यात जमा झाले. वर थोडे घालून मामाने वॉकर आणि कमोड खुर्ची आणली.

पण संडासाचं दार दोन फुटांचं. पल्ला उघडला की जेमतेम बावीस इंच उरतात. खुर्ची आत जाईना, म्हणून मामीने ती पडवीत ठेवली, पुढे जुनी साडी बांधली.

“पडवीत बसू व्हय मी? येणारं-जाणारं माणूस काय म्हणंल?” आजी म्हणाली. आणि तिने दुपारनंतर पाणी पिणंच सोडलं. कुणाला न सांगता. मामीला हे कळायला महिना गेला.

मी टेप घेऊन बसलो. मागच्या दारातून परसात उतरायला तीन पायऱ्या, प्रत्येकी १८ सेंमी. म्हणजे ५४. आमच्या लाडक्या १:१२ ने रॅम्प येतो साडेसहा मीटरचा. परसू आहे चार मीटर, त्यातही मधोमध धुण्याचा दगड. शीटवर जागा कधीच कमी पडत नाही राव! शेवटी रॅम्प वळवून बसवला. संडासाची सहा इंचांची पायरी भरून घ्यायची, चौकट काढून ९० सेंमीची करायची, आत कठडा. गवंडीकाकांनी हिशोब सांगितला, पंचवीस हजार.

मामा म्हणाला, “काय इंजिनिअर, यातलं सरकार किती देतंय?”

मी यादी वाचली. चष्मा, श्रवणयंत्र, काठी, वॉकर, व्हीलचेअर, कमोड खुर्ची, कमरेचा पट्टा... सगळं माणसाच्या अंगाला लावायचं. घराला लावायचं काही नाही. गंमत बघा, हा संडास बांधायलाही स्वच्छ भारतचे १२,००० रुपये मिळाले होते. संडासाला पैसे, त्या पायरीवरून पडल्यावर ऑपरेशनला पैसे, पुढे वॉकरलाही पैसे. मधल्या सहा इंचांना मात्र नाहीत. (ती पायरी ठेवली आम्हीच, पावसाचं पाणी आत येऊ नये म्हणून. तेव्हा आजी धडधाकट होती, कुणाच्या डोक्यातही आलं नाही.)

सेमिनारसाठी वाचताना जपानची माहिती मिळाली होती. तिथे २००० साली म्हाताऱ्या माणसांच्या देखभालीचा सार्वजनिक विमा सुरू झाला. ज्याला मदतीची गरज आहे असं ठरतं, त्याच्या घरात कठडे लावणं, पायऱ्या-उंबरे काढणं, सरकतं दार, न घसरणारी फरशी, उकिडवं बसायच्या संडासाच्या जागी कमोड, एवढ्या कामांसाठी २ लाख येनपर्यंतचा खर्च धरतात. बहुतेकांना त्यातला दहावा हिस्साच खिशातून भरावा लागतो. तो देश श्रीमंत आहे, कबूल. पण आमच्या चौकटीला काही २ लाख येन लागत नव्हते!

असो. चौकट आणि पायरी मामाने सोयाबीनच्या पैशातून करून घेतली. कठड्याचा पाइप मी आणि वर्कशॉपमधल्या एका मित्राने वेल्ड केला, टॉर्क-बिर्क काही न काढता, त्यावर दोघंही लोंबकळून बघितलं. आजीने तो हाताने दोनदा हलवला आणि म्हणाली, “तुज्या कालिजात ह्येच शिकवत्यात का?”

आता ती संध्याकाळीही तांब्याभर पाणी पिते. रॅम्पचे पैसे अजून जमायचे आहेत. तोवर मागच्या दाराशी त्या तीन पायऱ्या आहेत आणि मामाचा खांदा.