बंद दारांचा नाताळ

संस्कृतीचा उद्धार हे शब्द आम्ही किती सहज उच्चारीत असू! फादर थॉमस स्टीफन्स यांचे ओवीबद्ध ख्रिस्तपुराण १६१६ साली प्रसिद्ध झाले. मराठी वाणी ख्रिस्तचरणी वाहिली गेली, या अभिमानात आम्ही वाढलो. त्याच उमेदीने एका नाताळात तारा व गाणी घेऊन आम्ही कर्जत तालुक्यातील एका कातकरी वाडीवर गेलो.

बहुतेक दारे बंद होती. खैरापासून कात काढणारे म्हणून हे कातकरी. जंगल हातचे गेले, तसे कसबही गेले. आता दिवाळी सरली की उचल घेतलेली कुटुंबे मुलाबाळांसह वीटभट्टीची वाट धरतात. मागे उरलेल्या एका आजीने बसावयास गोणपाट दिले व विचारले, "समदी भट्टीवर गेली. गानी कुनाला ऐकवता, बाबा?"

आम्ही निरुत्तर झालो. परतताना खालापूर तालुक्यात रस्त्याकडेला भट्ट्यांचा धूर दिसला. वेठबिगारी १९७६ च्या कायद्याने रद्द झाली; उचलीची बेडी मात्र उरली. देवाचा शब्द मानव होऊन माणसांत राहिला, असे आपण मानतो. मग माणूस बांधलेला असताना त्याच्या संस्कृतीचा उद्धार कसला?

पुढच्या नाताळात तारा आम्ही भट्टीवर नेला. सोबत उचलीचा हिशेब लिहावयास एक वही.