आधी दगड वळख

नदीच्या गोट्यांत पडलेलं हजारो वर्षांपूर्वीचं हाड मला ओळखता येतं. ही नजर ज्यांनी दिली, त्यांनी असं हाड कधी शोधलं नव्हतं आणि जन्मात एकही म्युझियम पाहिलं नव्हतं. देगलूरला आमच्या गल्लीच्या टोकाला ते राहायचे. वडार समाजाचे, घण, सुतकी आणि छिन्नीवर घर चालायचं. घरात तेलुगू वळणाची बोली, आमच्याशी मराठी. गल्लीतली आम्ही सगळी पोरं त्यांना मामा म्हणायचो.

दगड शिकायला देगलूरइतकं चांगलं गाव शोधून सापडणार नाही. पश्चिमेकडून पसरत आलेला दख्खनचा काळा पाषाण या बाजूला संपत येतो आणि देगलूर-बिलोलीच्या पट्ट्यात त्याच्या खालचा गुलाबी, करडा ग्रॅनाइट उघडा पडतो. काळा दगड सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. ग्रॅनाइट त्याच्याहून कितीतरी पटींनी जुना. मामांना हे आकडे ठाऊक नव्हते. घण पडला की आवाजावरून ते सांगायचे, हा दगड टाकी धरील की नाही, आत चीर आहे की सलग आहे. सुट्टीत मी त्यांच्या ढिगाजवळ बसून असायचो. ते हातात एकेक तुकडा द्यायचे: हा काळा, ही गारगोटी, ही चुनखडी, हा नुसता मुरूम. मला विचित्र आकाराचे दगड गोळा करायचा नाद होता. त्यावर त्यांचं एकच सांगणं असे, ‘‘बापू, आधी दगड वळख. मग जे दगड न्हाई, ते आपोआप दिसंल.’’

पुढे जीवाश्मांचा अभ्यास सुरू केला तेव्हा या वाक्याची किंमत कळली. हाडासारखे दिसणारे दगड नदीत हवे तितके असतात. मुळांभोवती चुना साचून झालेल्या नळ्या थेट बोटांच्या हाडांसारख्या दिसतात. पाण्यानं घासलेली पांढरी गारगोटी दातासारखी चमकते. काळ्या दगडात वायूच्या बुडबुड्यांची भोकं असतात, ती पाहून पुष्कळांना हाडाची जाळी वाटते. पण बुडबुड्याचं भोक एकेकटं, गोलसर असतं आणि बरेचदा आत पांढरं खनिज भरलेलं असतं. हाडाची रचना वेगळी. बाहेर घट्ट भिंत, आत एकमेकांत गुंतलेली बारीक जाळी. आणि ही जाळी सगळीकडे सारखी नसते, सांध्याच्या टोकाकडे दाट होत जाते. त्या रचनेला कारण असतं: जनावराचं वजन तिनं पेललेलं असतं. दगडाच्या भोकांना असं कारण नसतं. ज्याला दगडाची भोकं पाठ आहेत, त्यालाच हा फरक एका नजरेत दिसतो.

मामी वाळू चाळायच्या कामावर जायच्या. एकदा त्यांनी पदराच्या गाठीतून एक काळपट तुकडा काढून माझ्या हातावर ठेवला. ‘‘चाळणीत अडकलं होतं. दगड न्हाई हे,’’ एवढंच म्हणाल्या. तो गुराचा दाढेचा दात होता. आकाराच्या मानानं जड. बाजूनं उभ्या कडा, आणि वरच्या झिजलेल्या तोंडावर कवचाच्या चंद्रकोरी स्पष्ट उमटलेल्या. दाताचं कवच शरीरातला सगळ्यात कठीण पदार्थ, म्हणून हाडं विरघळून गेली तरी दात टिकतात. पण किती जुना, हे त्या दातावरून सांगता येत नव्हतं. नुसता काळा रंग वयाचा पुरावा नसतो. गाळातल्या लोह-मँगनीजनंही रंग चढतो. दात जुना ठरतो तो ज्या थरात सापडतो त्या थरामुळे, आणि वाळूच्या ढिगात आल्यावर तो थर हरवलेला असतो. मामींना हे सांगितलं. तेव्हापासून काही वेगळं दिसलं की त्या ते जागेवरच ठेवायच्या, शेजारी तीन दगड रचायच्या आणि मला निरोप धाडायच्या.

आमची लेंडी नदी ज्या मांजरेला मिळते, त्या मांजरेच्या खोऱ्यात लातूर जिल्ह्यात हत्ती आणि पाणघोड्याचे अवशेष मिळाले आहेत. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या डॉ. विजय साठे यांनी हारवाडी, गांजूर अशा गावांच्या शिवारात नदीचे काठ पिंजून त्यांचा अभ्यास केला. त्याआधी गोदावरीवर नांदूर मधमेश्वरला मिळालेल्या प्रचंड हत्तीवर गाय पिलग्रिम यांनी १९०५ साली लिहिलं होतं. डॉ. जी. एल. बदाम यांचा भारतातल्या प्लाइस्टोसीन काळातल्या प्राण्यांवरचा ग्रंथ १९७९चा. ११,७०० वर्षांपूर्वी संपलेल्या त्या काळात मराठवाड्याच्या नद्यांत पाणघोडे डुंबत होते, हे मी या अभ्यासकांकडून शिकलो. त्यांचंही ऋण मोठं आहे.

हत्तीची जुनी दाढ पहिल्यांदा हातात घेतली तेव्हा मात्र आठवले ते मामा. कवचाच्या आडव्या पट्ट्या एकामागे एक, मध्ये मऊ थर. टाकी लावलेल्या जात्याचाच घाट. मऊ भाग लवकर झिजतो, कवच मागे उरतं, म्हणून कडा कायम वर राहतात. गावी आल्यावर मामांना हे सांगितलं. त्यांनी छिन्नी खाली ठेवली, दाढेचं चित्र बराच वेळ निरखलं आणि म्हणाले, ‘‘म्हंजे ह्येला टाकी लावाय कुणी लागत न्हाई.’’ दाढेचं काम इतक्या नेमक्या शब्दांत मला कुठल्या पुस्तकात मिळालेलं नाही.

मामा-मामी दोघंही आता नाहीत. पैशानं किंवा आभारानं हे ऋण फिटेल असं मला कधी वाटलं नाही. पण एक गोष्ट मी पाळत आलो. हाड किंवा दात कुणी दाखवला, की माझ्या वहीत पहिल्या ओळीत त्या माणसाचं नाव येतं, मग गाव, थर आणि तारीख; प्राण्याचं नाव शेवटी. नदीत उतरणारे, वाळू चाळणारे, दगड फोडणारे, गुरं वळणारे हात अभ्यासकाच्या कितीतरी आधी तिथं पोचलेले असतात. संग्रहालयातल्या चिठ्ठीवर प्राण्याचं लांबलचक शास्त्रीय नाव मावतं. त्याखाली शोधणाऱ्याच्या नावालाही जागा हवी. वाळूच्या उपशाबरोबर नदीचे जुने थर ट्रॉली भरभरून चालले आहेत. ते वाचवायचे तर याच माणसांना बरोबर घ्यावं लागेल. त्यांना दगड ओळखायला आपण शिकवायची गरज नाही. त्यांनी ‘‘हा दगड नाही’’ म्हटलं की तिथं जाऊन पाहायची गरज आहे.