कार्ड फाडू नका : गोल्फची गुणपद्धत आणि तुमची साखरेची वही



पुण्यात येरवड्याच्या गोल्फ क्लब चौकातून तुमच्यापैकी अनेकजण गेले असतील. पण भिंतीपलीकडे माणसं नेमकं काय खेळतात, जिंकतात कशी, हरतात कशी, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. आज मी त्याबद्दल लिहिणार आहे. डॉक्टरच्या ब्लॉगवर गोल्फ कशाला, असं वाटेल. कारण सांगतो. मी रविवारी हा खेळ खेळतो, बऱ्यापैकी वाईट खेळतो. आणि क्लबांच्या स्पर्धांमध्ये जगभर वापरली जाणारी एक गुणपद्धत चक्क एका सर्जनने शोधून काढली आहे. ती समजली, तर मधुमेहाची किंवा बीपीची वही कशी ठेवायची हेही समजतं. तुम्ही गोल्फची काठी कधी हातात धरली नसेल तरी काही बिघडत नाही.

आधी थोडा खेळ समजून घेऊ

गोल्फच्या एका फेरीत १८ होल खेळायचे असतात. प्रत्येक होलसाठी एक 'पार' ठरलेला असतो : ३, ४ किंवा ५. म्हणजे निष्णात खेळाडूने तेवढ्या फटक्यांत चेंडू खळग्यात टाकावा, अशी अपेक्षा. सगळे मिळून पार साधारण ७२ होतो. पारपेक्षा एक फटका जास्त लागला तर बोगी, दोन जास्त लागले तर डबल बोगी. एक कमी लागला तर बर्डी, दोन कमी लागले तर ईगल. जितके फटके कमी, तितका खेळ चांगला. इतकं पुरे.

आता प्रश्न येतो तो मोजायचं कसं याचा. इथे मुख्य तीन पद्धती आहेत.

स्ट्रोक प्ले : प्रत्येक फटका हिशेबात

ही सर्वांत कडक पद्धत. १८ होलांमध्ये मारलेले सगळे फटके आणि दंडाचे फटके यांची बेरीज करायची. ज्याची बेरीज कमी, तो जिंकला. प्रत्येक होलवर चेंडू खळग्यात जाईपर्यंत खेळावंच लागतं. 'जाऊ दे, हा होल सोडला' असं म्हणून चालत नाही. एका होलवर चेंडू तीनदा पाण्यात गेला आणि १० फटके लागले, तर ते १० शेवटपर्यंत तुमच्या मानगुटीवर बसतात.

तुमचं कार्ड सोबतचा खेळाडू भरतो. त्याला मार्कर म्हणतात. पण ते तपासून सही करायची जबाबदारी तुमची. खऱ्यापेक्षा कमी फटके लिहून सही केली तर तुम्ही स्पर्धेतून बाद. जास्त लिहिले गेले आणि तुम्ही सही केली, तर ते जास्तीचे फटके तसेच कायम. १९६८ च्या मास्टर्स स्पर्धेत अर्जेंटिनाचा रॉबर्टो डी विसेंझो याने सतराव्या होलवर ३ फटके घेतले होते, कार्डावर ४ लिहिले गेले. त्याने न पाहता सही केली. त्या एका फटक्यामुळे बॉब गोल्बीशी झालेली बरोबरी मोडली आणि विजेतेपदासाठी पुन्हा खेळायची संधीही गेली. त्या दिवशी त्याचा ४५ वा वाढदिवस होता.

मॅच प्ले : होलमागून होल

इथे दोन खेळाडू समोरासमोर. एका होलवर कमी फटके ज्याचे, तो होल त्याचा. तो होल तुम्ही एका फटक्याने हरलात काय आणि सहा फटक्यांनी हरलात काय, नुकसान एका होलचंच. पुढच्या होलवर दोघांचा हिशेब नव्याने सुरू. उरलेल्या होलांपेक्षा आघाडी मोठी झाली की सामना संपतो. 'थ्री अँड टू' म्हणजे दोन होल शिल्लक असताना तीनची आघाडी.

ही पद्धत दिलदार आहे, पण अडचण अशी की ती दोघांमध्येच जमते. रविवारी ऐंशी माणसं स्पर्धेला आली तर काय करायचं?

एका सर्जनने काढलेला तोडगा

इंग्लंडमध्ये लिव्हरपूलजवळ, समुद्राच्या वाऱ्यावर वॉलसी गोल्फ क्लब आहे. तिथले सभासद डॉ. फ्रँक स्टेबलफोर्ड हे व्यवसायाने सर्जन. त्यांच्या लक्षात आलं, की स्ट्रोक प्ले स्पर्धेत सुरुवातीचे दोन-तीन होल बिघडले की लोक कार्ड फाडून टाकतात. सुट्टीचा दिवस, मोकळी हवा, सोबत मित्र, आणि माणूस तासाभरात मनाने घरी गेलेला. १८९८ मध्ये वेल्समधल्या एका क्लबवर त्यांनी यावर एक प्रयोग करून पाहिला होता. पुढे १६ मे १९३२ रोजी वॉलसीला त्यांच्या पद्धतीने रीतसर स्पर्धा झाली. आज जगभरचे क्लब 'स्टेबलफोर्ड' खेळतात ती हीच.

तिच्यात फटक्यांची बेरीज नसते, गुणांची असते. पार केला तर २ गुण, बोगी १, बर्डी ३, ईगल ४. डबल बोगी किंवा त्याहून वाईट झालं तर ०. शून्याच्या खाली काही नाही. म्हणून गुण मिळणार नाही असं दिसलं की चेंडू उचलायचा, शून्य लिहायचं आणि पुढच्या होलकडे चालू लागायचं.

एक हिशेब करून पाहू. समजा, तुम्हाला हँडिकॅपमुळे प्रत्येक होलवर एका फटक्याची सूट आहे. म्हणजे बोगी हाच तुमचा पार. १७ होलांवर तुम्ही बोगी केली आणि एका पार-४ होलवर १० फटके लागले. स्ट्रोक प्लेमध्ये एकूण ९५, सूट वजा जाता ७७, म्हणजे ७२ च्या लक्ष्यापेक्षा पाच फटके मागे. संपलाच दिवस. स्टेबलफोर्डमध्ये १७ होलांचे ३४ गुण आणि त्या एका होलचं शून्य. ३६ च्या लक्ष्यापासून फक्त दोन गुण दूर. एक-दोन होल चांगले गेले की तुम्ही पुन्हा स्पर्धेत.

खेळ तोच, माणूस तोच, चूकही तीच. फक्त मोजायची रीत बदलली आणि माणूस मैदानावर टिकला.

हँडिकॅप : तुमचा पार तुमचाच

ही सूट कुठून येते? २०२० पासून जगभर एकच हँडिकॅप पद्धत लागू झाली आहे. तुमच्या शेवटच्या २० फेऱ्यांपैकी सर्वोत्तम ८ फेऱ्यांच्या सरासरीवरून तुमचा हँडिकॅप ठरतो. कमाल मर्यादा ५४, म्हणजे नवशिक्याला प्रत्येक होलवर तीन फटक्यांची सूट मिळू शकते. सूट जास्त असेल तर ती आधी अवघड होलांवर वाटली जाते. माझी सूट २२ ची. म्हणजे प्रत्येक होलवर एक आणि सर्वांत अवघड चार होलांवर आणखी एक. या मोजणीतही एका होलवर किती वाईट धरायचं याला मर्यादा घातलेली आहे. एका भयंकर होलवरून माणसाची पारख होत नाही, हे इथेही मान्य केलं आहे.

यामुळे पंचाहत्तरीचे आजोबा आणि पंचविशीतला मुलगा एकाच स्पर्धेत खरोखर झुंजू शकतात. प्रत्येकाची लढत स्वतःच्या पारशी.

आता वहीची गोष्ट

माझे एक रुग्ण आहेत, साठी ओलांडलेले, क्लबात नियमित खेळणारे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. मधुमेह बारा वर्षांचा. दर आठवड्याला चार वेळा साखर मोजून वहीत लिहायची, दर तीन महिन्यांनी मला दाखवायची, असं ठरलेलं. दिवाळीनंतर ते आलेच नाहीत. आले ते मार्चमध्ये, तेही काकूंनी ओढून आणलं म्हणून.

मी विचारलं, "काका, वही कुठाय?"

"डॉक्टर, दिवाळीत सगळं बिघडलं. फराळ, पाठोपाठ पुतण्याचं लग्न. दोनदा मोजली तर अडीचशेच्या वर. मग म्हटलं आता काय लिहायचं? जरा ताळ्यावर आली की मगच तुमच्याकडे येऊ."

ती ताळ्यावर आली नाही. एचबीएवनसी ७.४ वरून ९.६ वर गेलं होतं. बूट काढायला लावले, तर उजव्या पायाच्या अंगठ्याखाली जखम. मधुमेहाने पायाच्या नसांची जाणीव कमी झालेली, त्यामुळे काकांना ती कळलीही नव्हती. गोल्फच्या बुटात रोज घासत होती.

मी विचारलं, "गेल्या महिन्यातल्या स्पर्धेत तिसऱ्या होलवर किती लागले?"

"नऊ," ते हसले. "झाडीत गेला होता चेंडू."

"मग कार्ड फाडलंत?"

"छे हो, कशाला? स्टेबलफोर्ड होतं. शून्य लिहिलं, पुढे गेलो." आणि बोलता बोलता ते थांबले. पुढचं मला सांगावं लागलं नाही.

ती जखम भरायला अडीच महिने लागले. बोट वाचलं. दिवाळीनंतर लगेच आले असते, तर कदाचित औषधाचा डोस बदलून आणि बूट बदलून भागलं असतं.

पण शरीर स्ट्रोक प्लेच खेळतं

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. स्टेबलफोर्ड ही तुमच्या मनासाठी आहे. शरीर आपला हिशेब स्ट्रोक प्लेनेच ठेवतं. एचबीएवनसी म्हणजे साधारण तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी. त्यात लाडूही धरलेले असतात. त्यातही शेवटच्या महिन्याचा वाटा सर्वांत मोठा असतो.

म्हणूनच मैदान न सोडणं महत्त्वाचं. एक वाईट दिवस त्या सरासरीला फारसा हलवत नाही. एका वाईट दिवसानंतर सोडून दिलेले नव्वद दिवस मात्र नक्की हलवतात.

मग वही कशी ठेवायची?

१. जे घडलं तेच लिहा. २६० आली तर २६०. मला दाखवण्यासाठी आदल्या दिवशी जेवण टाळून आणलेला आकडा म्हणजे खोटं लिहून सही केलेलं कार्ड. त्यावरून ठरवलेला डोस चुकीचा असू शकतो.

२. पुढचा होल नवा. रात्री जास्त जेवण झालं म्हणून सकाळी उपाशी राहू नका, मनाने गोळी दुप्पट करू नका. पुढचं जेवण नेहमीसारखं, पुढची गोळी नेहमीसारखी.

३. स्वतःच्या पारशी खेळा. अनेक प्रौढांसाठी एचबीएवनसीचं लक्ष्य ७ च्या आसपास असतं. पण वय जास्त असेल, साखर वारंवार खाली जात असेल, हृदय किंवा किडनीचा आजार असेल, तर ते सैल ठेवावं लागतं. शेजाऱ्याचा आकडा हा तुमचा पार नाही. तुमचा पार तुमच्या डॉक्टरांकडून ठरवून घ्या.

४. काही होलांवर सूट नाही. साखर ७० च्या खाली जाणं, छातीत दुखणं, इन्सुलिन आपणहून बंद करणं, पायावरची जखम. इथे 'शून्य लिहून पुढे' चालत नाही. त्याच क्षणी थांबायचं आणि उपाय करायचा.

तुम्ही खरंच स्पर्धेत उतरणार असाल तर

चालत खेळलं तर १८ होलांमध्ये साधारण ८ ते १० किलोमीटर चाल होते आणि चार तासांहून जास्त वेळ जातो. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या चालू असतील, तर सुरुवातीला साखर तपासा आणि खिशात ग्लुकोज ठेवा. घाम, थरथर, गोंधळल्यासारखं वाटलं तर लगेच १५ ग्रॅम ग्लुकोज किंवा तीन चमचे साखर पाण्यातून घ्या आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. अचानक बरं वाटेनासं झालं तर नियमांच्या चौकटीत खेळाडूला सावरायला साधारण १५ मिनिटांपर्यंत वेळ दिला जातो. तेव्हा संकोच करू नका. मात्र छातीत दुखलं किंवा दडपण आलं, तर फेरी तिथेच संपली असं समजा. बसा आणि १०८ ला फोन लावा.

आजारपणातून उठला असाल तर डॉक्टरांच्या परवानगीनंतर आधी सांघिक प्रकार निवडा. स्क्रॅम्बलमध्ये संघातले सगळे फटका मारतात आणि सर्वांत चांगल्या चेंडूच्या जागेवरून पुढे खेळतात. एखादा फटका फसला तरी चालतं. फोरसममध्ये दोघांत एकच चेंडू आळीपाळीने मारायचा, म्हणजे फटके निम्मे. फोरबॉलमध्ये दोघांपैकी चांगला स्कोअर धरतात, त्यामुळे दमलात तर चेंडू उचलता येतो. आणि घरी गेल्यावर बूट-मोजे काढून दोन्ही तळपाय उजेडात पाहा. आरसा वापरा किंवा घरच्यांना पाहायला सांगा.

ज्यांना गोल्फशी काही देणंघेणं नाही, त्यांनी एवढंच करा. कपाटातली बंद पडलेली वही आज बाहेर काढा. मधली कोरी पानं कोरीच राहू द्या. नव्या पानावर आजची तारीख घाला, साखर मोजा आणि जो आकडा येईल तो लिहा. पुढच्या भेटीत ती वही सोबत आणा.