केलेले पाणी

ज्या देशात एकही नदी नाही, तिथली माणसे पितात तरी काय? माझा धाकटा मामा फिटर म्हणून कुवेतला निघाला, तेव्हा आजीने हाच प्रश्न विचारला होता. मामाने उत्तर दिले, "समुद्र पितात!"

ते उत्तर थट्टेचे नव्हते. पूर्वी कुवेतचे लोक शत्‌-अल्‌-अरब नदीचे पाणी गलबतांतून आणीत. 1953 साली तिथे समुद्राचे पाणी गोडे करणारा मोठा कारखाना सुरू झाला. आज तिथले पिण्याचे बहुतेक पाणी समुद्रातूनच येते.

मामाने ही किमया मला वहीवर आकृती काढून समजावली. तापवलेले खारे पाणी एकामागून एक कोठड्यांत सोडतात. प्रत्येक कोठडीत दाब आधीपेक्षा कमी असतो, त्यामुळे पाणी थोड्या उष्णतेतही उकळते. वाफ थंड नळ्यांवर धरते आणि मीठ मागे राहते. हे पाणी इतके शुद्ध, की बेचव लागते! म्हणून त्यात थोडे मचूळ भूजल मिसळतात.

पण ही किमया फुकटची नव्हे. तिला अहोरात्र इंधन लागते. अलीकडे सूक्ष्म पडद्यांतून दाबाने पाणी गाळतात. त्याला इंधन कमी लागते, पण लागतेच. उरलेले अतिखारे पाणी पुन्हा समुद्रात जाते. 1991 च्या युद्धात आखातात तेल पसरले, तेव्हा सौदी अरेबियातील जुबैलच्या कारखान्यापुढे तरंगते अडसर टाकावे लागले. तेलावर जगणाऱ्या देशांची तहान तेलानेच वेठीस धरली होती!

आणि आमचे कोकण? इथे पाऊस धो धो कोसळतो, तरी मे महिन्यात आमच्या वाडीत टँकर येतो. मामा एकदा म्हणाला, "तिथं आम्ही पाणी करतो रे, इथं तुम्ही ते सोडून देता." हे बोल मला झोंबले, कारण माझी आई दीड मैलावरून हंडा आणते, तिने थेंबही सोडलेला नाही. सोडतो तो आमचा उघडा डोंगर आणि गाळाने भरलेले तळे.

तेलवाला देश पाणी करू शकतो. आपल्याला मात्र पडलेले पाणीच अडवावे लागेल. त्यासाठी आखाताचे तेल नको. आईच्या हंड्याचे वजन आपल्या खांद्यांना जाणवले, तरी पुरे.